गुप्तधनाची दृष्टी आणि जमिनीखालचा इतिहास : 'छावा', असीरगड व गाविलगड यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शिवाजी सावंत यांच्या १९७९ मधील याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०२५ मध्ये, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडाच्या परिसरात लोक रात्रीच्या वेळी विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. मोगलकालीन सोन्याची नाणी सापडतात, ही त्यामागील वदंता होती. बहुतेक चर्चा 'चित्रपटाचा परिणाम' एवढ्यावरच थांबली. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. असीरगडच्या खड्ड्यांमागे जमिनीतील वस्तूकडे केवळ धन म्हणून पाहण्याची जुनी सवय आहे. चित्रपट, कायदा आणि लोकसमजूत या तिन्ही ठिकाणी ती आढळते. या दृष्टीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. चित्रपटातील बऱ्हाणपूर

संभाजी महाराजांच्या १६८१ मधील बऱ्हाणपूर मोहिमेचे चित्रण 'छावा'च्या आरंभीच येते. नायकाचा पराक्रम ठसविणे, हे त्या प्रसंगाचे कार्य आहे व ते तो प्रभावीपणे पार पाडतो. मात्र त्यासाठी बऱ्हाणपूरला केवळ मोगलांचे धनागार व्हावे लागते. वस्तुतः हे कापडउद्योगाचे, व्यापारी मार्गांवरचे आणि मोगलांच्या दक्षिण कारभाराचे शहर होते. त्याच्या भूगर्भात १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात बांधलेली 'कुंडी भंडारा' ही पाणीपुरवठ्याची योजना आजही पाहावयास मिळते. बऱ्हाणपूरच्या जमिनीखालचे खरे भांडार कोणते, असा प्रश्न विचारल्यास सोन्याआधी या पाण्याचे नाव घ्यावे लागेल. चित्रपटातील शहरात त्याला स्थान नाही.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो योग्यही आहे. येथे प्रश्न तपशिलाच्या अचूकतेचा नसून प्रेक्षकाला काय पाहावयास शिकविले जाते, याचा आहे. शिवाय सारा दोष चित्रपटावर टाकणेही न्याय्य ठरणार नाही. महामार्गाच्या कामात निघालेली माती शेतात टाकली गेली व तीत नाणी असल्याची वदंता पसरली, असे वृत्तांत नमूद आहे. म्हणजे ग्रामस्थांच्या कुदळीपूर्वीच यंत्राने मातीचे थर उलथेपालथे केले होते. लोभ जुनाच होता; चित्रपटाने त्याला ठिकाण पुरविले.

२. कायद्याची भाषा

हीच दृष्टी कायद्याच्या भाषेतही दिसते. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम हा वासाहतिक काळातील कायदा. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू म्हणजे 'निधी', अशी त्याची व्याख्या आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. कोणी मूळ मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसला, तर शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश व जमीनमालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. शासनाला तो निधी स्वतःकडे घ्यावयाचा असल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. म्हणजे वस्तूचे सारे ऐतिहासिक मोल कायद्याच्या लेखी धातूच्या भावावरील वीस टक्के ठरते! दहा रुपयेही न मिळणारे पितळी बटण किंवा झिजलेला तांब्याचा पैसा तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांची अट घालून काळाचा निकष आणला. तथापि, वस्तू नेमकी कोठे सापडली, ही नोंद करण्याची सवय समाजात रुजली नाही.

३. गाविलगडचे बटण

या उणिवेचे गांभीर्य वऱ्हाडातील उदाहरणाने स्पष्ट होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड आर्थर वेलस्लीच्या सैन्याने जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. मुख्य हल्ला उत्तरेकडून झाला. आतील कोटाच्या भिंतीवर कॅप्टन कॅम्पबेलच्या नेतृत्वाखाली ९४ व्या पलटणीची तुकडी चढली. त्याच वेळी ७४ व ७८ या पलटणींच्या सैनिकांनी दक्षिणेकडील बाजूंनी शत्रूचे लक्ष वेधले. ब्रिटिश पायदळाच्या गणवेशाच्या बटणांवर १७६७ पासून पलटणीचा क्रमांक असे. साहजिकच, '९४' अंकाचे बटण कोणत्या भिंतीशी, किती खोलीवर आणि कशाच्या सान्निध्यात सापडले, यावरून हल्ल्याची वाट पडताळता येते. मात्र तेच बटण खिशात घालून खाली आणले, तर बाजारात त्याला नगण्य किंमत उरते आणि अभ्यासकाला काहीच उरत नाही.

धातुशोधक यंत्र स्वतः दोषी नाही. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागला. त्यानंतर डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी याच यंत्रांच्या साहाय्याने काडतुसे व गोळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या आणि १८७६ च्या लढाईचा क्रम नव्याने उलगडला. ब्रिटनमध्ये १९९७ पासून सर्वसामान्यांना सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद घेणारी योजना चालते. तीत दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. या दोन्ही ठिकाणी वस्तूइतकेच तिच्या जागेला मोल दिले गेले. आपल्याकडे गाविलगडासारख्या संरक्षित स्थळी परवानगीविना खणणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावयास हवा. परंतु शेतात नांगराच्या फाळाला लागलेल्या वस्तूचे काय करावे, याचे उत्तर केवळ मनाईने मिळत नाही.

४. ग्रामगीतेचा प्रतिवाद

गुप्तधनाच्या शोधात अघोरी कृत्यांपर्यंत मजल गेल्यानेच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने रामदरबार छापलेली बनावट नाणी 'चमत्कारी' म्हणून विकणारेही याच समजुतीवर जगतात. कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नव्हती. या पार्श्वभूमीवर गुरुकुंज मोझरीचे स्मरण अपरिहार्य ठरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापला आणि १९५५ मध्ये ग्रामगीता सिद्ध केली. एक्केचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ ग्रामनाथाला अर्पण केलेला आहे. तो पुरातत्त्वाचा ग्रंथ नव्हे. परंतु संपत्तीचे मूळ श्रमात पाहणारी आणि गावाला सामूहिक मालकीचे भान देणारी त्याची भूमिका गुप्तधनाच्या कल्पनेला थेट छेद देते. श्रमाविना एका रात्रीत एकट्याला मिळणारे धन ही ग्रामगीतेच्या विचाराची नेमकी विरुद्ध बाजू होय. त्या विचाराने पाहिल्यास शेतात सापडलेले नाणे शोधणाऱ्याचे नशीब न राहता गावाच्या स्मृतीचा अंश ठरते.

समारोप

मोझरी ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कौंडण्यपूरच्या उत्खननाचा मो. गं. दीक्षित यांचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रशुद्ध नोंदीची परंपरा या मातीला परकी नाही. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत प्रत्येक गावी एक नोंदवही सुरू केली, तर वस्तू, जागा, तारीख आणि छायाचित्र एवढ्या चार बाबी टिकतील आणि मूल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचा मार्गही मोकळा होईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. अन्यथा पुढील एखाद्या चित्रपटानंतर आणखी एका गडाच्या पायथ्याशी खड्डे पडतील. त्यांतून सोने निघो वा न निघो, तेथील इतिहासाचा पुरावा मात्र कायमचा नष्ट झालेला असेल.