चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांचे वेष्टन : मजकूर कोणासाठी?

प्रस्तावना :
डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेल्या औषधाच्या बाबतीत वेष्टनावरील मजकूर हाच बहुधा रुग्णाचा एकमेव मार्गदर्शक असतो. त्यामुळे हा मजकूर कायद्याची पूर्तता करतो की नाही, एवढ्यावर त्याचे मूल्यमापन थांबू नये. तो आजारी माणसाला वाचता येतो काय, हा खरा निकष होय.

विवेचन :
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये 'ड्रग फॅक्ट्स' ही चौकट निश्चित केली. क्रियाशील घटक, त्याचे कार्य, उपयोग, इशारे, घेण्याची पद्धत हा क्रम सर्व उत्पादनांना सारखाच ठरविण्यात आला. अक्षरांचा किमान आकार ६ पॉइंट ठेवला गेला आणि अवघड वैद्यकीय शब्दांऐवजी सोपे शब्द वापरण्यास मुभा मिळाली. एकदा क्रम परिचित झाला की कोणत्याही खोक्यावर हवी ती माहिती चटकन सापडते, हे या रचनेचे बलस्थान होय. मात्र ६ पॉइंटची अक्षरे वृद्धांना कष्टदायक ठरतात आणि खोके फेकले की चौकटही जाते, या तिच्या मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत.

भारतात १९४० च्या मूळ औषध कायद्याने अशा औषधांचा स्वतंत्र वर्ग पाडला नाही. १९४५ च्या नियमावलीतील ९६ वा नियम औषधाचे नाव, घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, मुदत इत्यादी तपशील मागतो. हे तपशील आवश्यकच आहेत. परंतु ते प्रामुख्याने औषध निरीक्षकाच्या उपयोगाचे आहेत. शिवाय गोळ्या अनेकदा पाकीट कापून सुट्या दिल्या जातात. त्या तुकड्यावर नाव राहते, तर मुदत दुसऱ्याच तुकड्यावर जाते.

यातील धोका काल्पनिक नाही. तापासाठी ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी आणि सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली संयुक्त गोळी दिवसातून चार वेळा घेतल्यास एकूण मात्रा ४,६०० मिलिग्रॅम होते. प्रौढांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम असून अतिरिक्त मात्रेने यकृतास इजा होऊ शकते. व्यापारी नावे भिन्न असल्याने रुग्णास ही पुनरुक्ती कळत नाही.

नियमांतील नंतरच्या दुरुस्तीने औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा दोन आकारांनी मोठे छापणे बंधनकारक केले. तथापि तीन वा अधिक घटकांच्या संयुक्त औषधांना त्यातून वगळले. सर्दीच्या अनेक गोळ्या याच गटात मोडतात. म्हणजे जेथे पुनरुक्तीचा धोका अधिक, तेथेच नियम मौन पाळतो. ऑगस्ट २०२३ पासून ३०० नाममुद्रांसाठी क्यूआर कोड आवश्यक झाला. त्यातही नाव, उत्पादक, बॅच, मुदत व परवाना हेच तपशील अनिवार्य आहेत; मात्रा व इशारे नाहीत. बनावट औषध ओळखण्यास तो उपयुक्त, औषध घेण्यास नव्हे.

निष्कर्ष :
केवळ मजकूर वाढविल्याने लेबल सुबोध होत नाही. "यात पॅरासिटामॉल आहे" हे ठळक वाक्य, कमाल दैनिक मात्रा आणि मुदत ही त्रयी प्रादेशिक भाषेत, पाकिटाच्या प्रत्येक कापण्याजोग्या भागावर छापली जाणे अगत्याचे आहे. जागा अपुरी असल्यास जाहिरातवजा रंगपट्ट्यांना प्रथम कात्री लागावी; रुग्णाच्या सुरक्षिततेला नव्हे.