स्वल्पविरामाची ५२ वर्षे

तीस वर्षे मुद्रितशोधन केल्याने मला एक खोड जडली आहे. मजकूर हाती आला की आशयाआधी विरामचिन्हांकडे नजर जाते. अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चच्या नियमग्रंथाकडे मी वळलो तो या खोडीपायीच. समलिंगी व्यक्ती आणि त्यांचे विवाह यांवरून या चर्चमध्ये अर्धशतक वाद चालला, १९७२ साली घातलेले एक वाक्य २०२४ साली काढले गेले आणि मधल्या काळात चर्च दुभंगले, एवढे बातम्यांतून कळते. बातम्यांत सहसा येत नाही ते असे, की ते मुळात स्वतंत्र वाक्य नव्हतेच.

दोन चर्चच्या विलीनीकरणातून १९६८ साली हे चर्च उभे राहिले. चार वर्षांनी अटलांटा येथे भरलेल्या महासभेपुढे ‘सामाजिक तत्त्वां’चा मसुदा आला. समलिंगी माणसे इतरांइतकीच पवित्र मोलाची आहेत, त्यांना मंडळीच्या आधाराची गरज आहे आणि सर्वांचे मानवी व नागरी हक्क राखले गेले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. हक्कांपाशी पूर्णविराम होता. टेक्सासमधल्या एका वकील प्रतिनिधीने सभागृहातून दुरुस्ती सुचवली : पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम द्यावा आणि पुढे जोडावे की, आम्ही हे आचरण ग्राह्य धरत नाही व ते ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत मानतो. दुरुस्ती संमत झाली.

हे वाक्य मराठीत आणताना मी बराच काळ अडलो. आपल्याकडे ‘जरी’चे उपवाक्य स्वभावतः आधी येते. जरी आम्ही आचरण ग्राह्य धरत नसलो, तरी हक्क राखले पाहिजेत. असे लिहिले की वाक्य हक्कांवर संपते आणि दुरुस्तीचा डंखच निघून जातो. इंग्रजीत उलट घडते. वचन आधी दिले जाते, मग ते हलकेच मागे घेतले जाते, आणि वाचणाऱ्याच्या कानात शेवटचा ‘विसंगत’ उरतो. मूळ आघात राखायचा तर मराठीत ‘मात्र’ वापरून दुसरे वाक्यच सुरू करावे लागते. पुढच्या आवृत्त्यांत शब्दांच्या जागा हलल्या, ‘विसंगत’ हलला नाही.

त्या वाक्याचा दुसरा खांब ‘आचरण’ हा शब्द. माणूस पवित्र, आचरण विसंगत, ही फोड कागदावर सुबक दिसते. माझ्या ओळखीच्या एका पाळकाच्या मुलाने मला एकदा विचारले होते, “काका, बाबा म्हणतात, तू हवास, तुझं ते वागणं नको. मग सणाला मी घरी जाऊ, की माझ्यातला अर्धाच पाठवू?” त्याचे वडील मेथॉडिस्ट नव्हेत, आणि अटलांटाचा मसुदा त्यांनी वाचला असण्याचे कारण नाही. पण ही फोड किती सहज परभाषेत उतरते ते मला त्या दिवशी कळले.

१९८४ साली या फोडीचा कायदा झाला. स्वतःहून तसे सांगणाऱ्या आणि तसे आचरण करणाऱ्या समलिंगी व्यक्तीला पाळकपदाची दीक्षा मिळणार नाही, असे ठरले. यातला ‘स्वतःहून सांगणाऱ्या’ हा भाग नीट वाचावा. जो लपवील तो व्यासपीठावर, जो खरे बोलेल तो बाहेर. सत्य बोलण्याचा उपदेश ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग, त्यांच्यासाठी हा नियम होता. १९९६ साली समलिंगी जोडप्यांचे विधी लावण्यावर बंदीची भर पडली. पेनसिल्व्हेनियातले पाळक फ्रँक शेफर यांनी २००७ साली आपल्याच मुलाचा विवाह लावला होता. त्याबद्दल २०१३ साली त्यांच्यावर चर्चचा खटला चालला. यापुढे नियम पाळीन अशी हमी त्यांनी दिली नाही, म्हणून पाळकपद गेले. पुढल्या वर्षी अपिलात ते परत मिळाले, कारण अजून न केलेल्या कृत्यासाठी शिक्षा देता येत नाही.

२०१९ साली सेंट लुईस येथील खास महासभेने बंदी उठवण्याऐवजी ती आणखी कडक केली. मते ४३८ विरुद्ध ३८४ अशी पडली. त्याच सभेने असहमत मंडळ्यांना मालमत्तेसह बाहेर पडण्याची मुदतबंद वाटही दिली. गंमत अशी की ती वाट मुख्यतः जिंकलेल्या बाजूनेच वापरली. २०२३ अखेरपर्यंत साडेसात हजारांहून अधिक अमेरिकी मंडळ्या, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, निघून गेल्या. मग मे २०२४ मध्ये शार्लट येथे दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी, चर्चेविना, इतर ठरावांच्या गठ्ठ्यात उठली. दुसऱ्या दिवशी ‘विसंगत’ही ५२३ विरुद्ध १६१ मतांनी गेला. या आकड्यांना मतपरिवर्तन म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. काही मने बदलली असतीलच, पण त्याहून जास्त सभागृहातली माणसे बदलली होती.

माझे कुतूहल जास्त आहे ते त्याच मताने आलेल्या विवाहाच्या नव्या व्याख्येविषयी. मसुद्यात विवाह हा दोन श्रद्धावंत व्यक्तींमधला पवित्र, आजीवन करार होता. झिंबाब्वेच्या एका प्रतिनिधीच्या दुरुस्तीने त्यात खुलासा आला : सज्ञान पुरुष व सज्ञान स्त्री, किंवा दोन सज्ञान व्यक्ती. मुद्रितशोधक म्हणून पहिला भाग मी द्विरुक्ती समजून छाटला असता, कारण दोन सज्ञान व्यक्तींत पुरुष-स्त्री येतातच. पण हरारेत वाचणाऱ्याला पहिला भाग आपला वाटतो, बोस्टनमध्ये वाचणाऱ्याला दुसरा. याला बोटचेपेपणा म्हणता येईल. मी म्हणणार नाही. १९७२ च्या स्वल्पविरामामागचा भाग पुढच्या भागाला खाऊन टाकत होता. ‘किंवा’च्या दोन्ही बाजू स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत. एकीने दुसरीची परवानगी मागितलेली नाही. असा विवाह लावला म्हणून, किंवा लावायला नकार दिला म्हणून, कोणाही पाळकाला शिक्षा करता येणार नाही, हा शार्लटचा दुसरा निर्णयही याच व्याकरणातला.

या ‘किंवा’ने सगळ्यांना धरून ठेवले असे नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस आयव्हरी कोस्टच्या मेथॉडिस्टांनी बाहेर पडण्याचा ठराव केला. दहा लाखांहून अधिक सभासदांचे ते चर्च. आपल्याकडचे मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे. त्यामुळे शार्लटच्या मतदानाने मुंबई-पुण्यातल्या मेथॉडिस्ट मंडळ्यांच्या नियमातले एक अक्षरही बदललेले नाही. त्या मुलाने बातमी वाचून मला फोन केला, तेव्हा हेच त्याला सांगावे लागले. “म्हणजे आपल्याकडे अजून स्वल्पविरामच,” तो म्हणाला, आणि दिवाळीला घरी जाणार असल्याचे सांगून त्याने विषय बदलला.