गंगा की गोदावरी?

दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, कवितासंग्रहांची येतात. परंतु ज्या पुस्तकाला महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत वाचक लाभतो, त्या तिसरी-चौथीच्या पाठ्यपुस्तकाकडे साहित्याचा समीक्षक सहसा वळत नाही. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी मुले शिकवतो. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार असावा.

लहान मुलांच्या इतिहास-भूगोलाची वाट आपल्याकडे फार पूर्वीच आखली गेली : तिसरीत जिल्हा, चौथीत महाराष्ट्र आणि त्याच वर्षी शिवछत्रपती. जवळून दूर जावे, हे त्यामागील तत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच, की आठ वर्षांच्या मुलाला जवळचे काय? जिल्हा ही तर सरकारी कागदावरची रेघ. मी तिसरीत होतो तेव्हा औंढा नागनाथ आमच्या परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते देऊळ आमच्या भूगोलातून गेले. श्रावणातल्या सोमवारी दर्शनाला जाणारी माणसे मात्र पूर्वीच्याच वाटेने जात राहिली.

गोदाकाठच्या एका शाळेत मी असतानाची गोष्ट. चाचणीत प्रश्न होता, 'आपल्या जिल्ह्यातून वाहणारी प्रमुख नदी कोणती?' एका मुलीने लिहिले, 'गंगा.' मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"गुरुजी, पोरीचं काय चुकलं? आमी तर गंगाच म्हन्ताव. मग गंगाखेडाला आता गोदाखेड म्हनायचं का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या फुलीने मी त्या मुलीला एवढेच शिकवले होते, की तुझ्या घरी जे बोलतात ते शाळेत चालत नाही.

वस्तुतः त्या एका शब्दात सारा विषय सामावला होता. गोदावरीला दक्षिणगंगा का म्हणतात? त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली ही नदी आपल्या काठाने वाहत कोणत्या समुद्राला मिळते? गंगाखेडशी जनाबाईचे नाव का जोडले गेले? पैठणला जायकवाडीचे धरण झाले, १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले आणि डाव्या कालव्याने हेच पाणी परभणीकडे आले. ते कोणाच्या शेताला मिळते, कोणाच्या नाही आणि हे ठरवतो कोण? भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र ही तिन्ही येथे आपोआप एकत्र येतात.

'परिसर अभ्यास' या नावाखाली हे विषय एकत्र गुंफले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु चौथीत शिवरायांचा धडा सुरू होताच वर्ग कान टवकारतो, आणि तालुक्यांची नावे आली की जांभया देऊ लागतो, हा माझा अनुभव आहे. कादंबरीकार म्हणून मला त्याचे कारण उघड दिसते. तेथे माणसे आहेत. ती भितात, शब्द देतात, तो पाळतात. जिल्ह्याच्या भूगोलात आम्ही शिक्षक नुसते 'आहे' आणि 'आहेत' शिकवतो. नऊ तालुके आहेत, काळी जमीन आहे, कापूस आहे. या जमिनीवर काम करणारे तेवढे कोणी नाही!

अन् ते काम करणारे कोण, हे मुलांना आमच्याहून अधिक ठाऊक असते. दिवाळीच्या सुमारास माझ्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. महाराष्ट्राचा नकाशा त्यांच्या हाती पडतो चौथीत. पण निम्मा महाराष्ट्र त्यांनी त्याआधीच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पाहिलेला असतो. परत आल्यावर 'तू काय पाहिलेस?' असे त्यांना विचारायचे सोडून आपण त्यांचा बुडालेला अभ्यास मोजत बसतो. त्यांची कोपी, त्यांचा कारखाना हा परिसर नव्हे काय?

पुस्तक बदलेल तेव्हा बदलो. प्रश्न विचारण्याची रीत तर शिक्षकाच्या हाती आहे. त्या मुलीची वही मी परत मागून घेतली. लाल शाई काही खोडता येईना. म्हणून फुलीशेजारी 'बरोबर' असे लिहून सही केली आणि त्याखाली नदीचे दुसरे नाव तिच्याकडूनच लिहवून घेतले : गोदावरी.