मळभ आणि विषाद : कल्पित भाषांतील एक शब्दप्रश्न

कल्पित भाषेत खिन्नतेसाठी शब्द घडविणे अवघड नाही. त्या शब्दातून खिन्नता जाणवून देणे अवघड आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या एल्फ-भाषांत या भेदाची दोन्ही उदाहरणे सापडतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्युत्पत्तिकोशात 'देम्' हा धातू असून त्यापासून 'देम' (उदास) व 'दिम' (उदासी) हे शब्द साधले आहेत. येथे अर्थाचा भार इंग्रजी 'ग्लूम' या प्रतिशब्दावरच पडतो. अंधुकता व विषण्णता या दोन्ही छटा त्यात आधीच एकवटल्या आहेत. 'दिम' हा उच्चारही इंग्रजी 'डिम'ची आठवण करून देतो.

क्वेन्या भाषेतील 'लुम्बुले' या शब्दाची प्रकृती निराळी आहे. 'लुम्बो' म्हणजे मेघ, 'लुम्बुले' म्हणजे दाट छाया. १९५४ साली प्रकाशित झालेल्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग'मधील गॅलड्रिएलच्या विलापात ही छाया सर्व वाटा झाकून टाकते. कोशात केवळ छाया असलेला शब्द निर्वासितेच्या मुखी विषाद बनतो.

मराठी वाचकास ही क्रिया परकी नाही. न्हावा-शेव्याच्या खाडीवर ज्येष्ठात दाटणारे मळभ आणि मनावरचे मळभ यांसाठी शब्द एकच आहे. मात्र मराठीत हा अर्थविस्तार असंख्य भाषकांच्या वापरातून घडला. क्वेन्यात ते कार्य एका विलापाला करावे लागले. म्हणून कल्पित शब्दाची परीक्षा कोशात नव्हे, वाक्यात व्हावी.