किंमत, मूल्य आणि 13 मायक्रॉन

अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक हमखास विचारतात, उत्पादन अभियांत्रिकीसाठी कोणतं कॉलेज वरचं? मग एनआयआरएफची यादी उघडली जाते. ही यादी टाकाऊ आहे असं आमचं म्हणणं नाही. ती नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, एवढंच आज आपण तपासू.

2016 पासून ही क्रमवारी प्रसिद्ध होते. अभियांत्रिकीत 100 पैकी 30 गुण अध्यापन आणि साधनांना, 30 संशोधनाला, 20 निकाल व नोकऱ्यांना, 10 सर्वसमावेशकतेला आणि 10 लोकांच्या मताला. किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक, हे त्यामुळे उघड होतं, हा तिचा गुणच. पण क्रमांक संस्थेला मिळतो, शाखेला नाही. शिवाय नोकऱ्यांच्या गुणांत मध्यक पगार धरला जातो. समजा, उत्पादन शिकलेला मुलगा जास्त पगारावर सॉफ्टवेअरमध्ये गेला. त्याने कॉलेजच्या आकड्याला हातभारच लागतो! म्हणजे जे शिकवलं ते सोडून गेल्याचं बक्षीस शिकवणाऱ्याला.

कुणी म्हणेल, पगाराला नावं ठेवणं तुम्हां निवृत्तांना परवडतं. बरोबर आहे. कर्ज काढून शिकवणाऱ्या घराला पगार विचारावाच लागतो. पण ती शिक्षणाची बाजारातली किंमत झाली. आपण शोधतो आहोत मूल्य.

एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, म्हणून ते आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळ येतं. पण ते दर्जाची अट पूर्ण झाली एवढंच सांगतं. दोन मानांकित शाखांत सरस कोणती, ते सांगत नाही.

मग मूल्य कुठे दिसतं? एक उदाहरण घेऊ. 25 मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट ग्राइंडिंग करायचा आहे. चालणारा फरक 13 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 13 हजारावे भाग. शाफ्ट मशिनवरून 40 अंशांवर उतरला आणि तसाच गरम मोजला. मापात बसला, पण खालच्या मर्यादेला टेकून. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश. तेवढा निवल्यावर तो सुमारे 6 मायक्रॉनने आकसतो, आणि तपासणीत नापास होतो. प्रसरणाचं सूत्र परीक्षेत सगळेच लिहितात. मायक्रोमीटर लावण्याआधी हात थांबतो तो मात्र ज्याचा असा शाफ्ट एकदा वाया गेला आहे त्याचाच. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत भेद केला, तो हाच. यादी पहिल्याच्या आसपासचं मोजते. उत्पादन अभियांत्रिकी दुसऱ्यावाचून उभीच राहत नाही.

तेव्हा तुलना जरूर करा, पण कॉलेजात जाऊन. प्रात्यक्षिकात एका लेथवर किती मुलं असतात? मशिन मुलं चालवतात, की साहाय्यक चालवतो आणि मुलं वहीत उतरवतात? शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातले भाग आत बनतात, की बाहेरून करून आणतात? आणि नापास झालेला भाग दाखवा म्हणावं. तो जपून ठेवून त्याचं कारण मुलांकडून शोधून घेणारी शाखा यादीत खाली असली, तरी आम्ही तिला वर मानू.

एवढं विचारून मग यादी पाहा.