उजेड अडवणारा दाता

ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनस उन्हात बसला असता सम्राट अलेक्झांडर त्याच्यापुढे येऊन उभा राहिला आणि हवे ते देण्यास सिद्ध झाला. त्या विरक्ताने एवढेच मागितले की, सम्राटाने त्याच्या उन्हातून बाजूला व्हावे. ही प्राचीन आख्यायिका जेम्स विल्यम्स यांनी आपल्या ‘स्टँड आउट ऑफ अवर लाइट’ या पुस्तकाच्या मुळाशी ठेवली आहे. अलेक्झांडर दुष्ट हेतूने आला नव्हता. तो दाता म्हणून आला होता. तरीही त्याची सावली पडलीच. आपल्या हातातील मोबाइलविषयी लेखकाला नेमके हेच म्हणायचे आहे.

विल्यम्स यांनी दहा वर्षांहून अधिक काळ गूगल कंपनीत जाहिरातींच्या कामात घालवला. पुढे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात डॉक्टरेटचे विद्यार्थी झाले. ‘डिजिटल तंत्रज्ञान राजकारण अशक्य करीत आहे काय?’ या प्रश्नावरील त्यांच्या उत्तराला 2017 साली ‘नाइन डॉट्स’ हे एक लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले आणि त्या उत्तराचेच पुढे पुस्तक झाले. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ते 2018 साली प्रकाशित केले. यंत्राच्या आतून आलेल्या माणसाची ही साक्ष आहे, म्हणून ती गांभीर्याने घ्यावी लागते.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. माहिती दुर्मीळ होती तेव्हा माहितीला मोल होते. ती उदंड झाली तेव्हा मोल आले माणसाच्या अवधानाला. पडद्यावर पुढे काय दाखवायचे हे ठरविणारी गणिती रीत, म्हणजे अल्गोरिदम, आपले भले मोजत नाही. आपण किती वेळ थांबलो आणि कितीदा बोट लावले हे ती मोजते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय अधिक घट्ट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पक्ष्यांवरील प्रयोगांनी विसाव्या शतकातच दाखविले होते. तेच सूत्र आता खिशात आले आहे.

या हानीच्या विल्यम्स तीन पायऱ्या सांगतात आणि प्रत्येकीला एकेका प्रकाशाचे नाव देतात. पहिला झोताचा प्रकाश: हाती घेतलेले काम पुरे करण्याची शक्ती. दुसरा ताऱ्यांचा प्रकाश: आपल्याला कसे माणूस व्हायचे आहे याचे दिशाभान. तिसरा दिवसाचा उजेड: काय इच्छावे याचाच विचार करण्याची विवेकशक्ती. झोत विझला तर तासभर वाया जातो. तारे झाकोळले तर आयुष्य वाट चुकते. आणि दिवसाचाच उजेड गेला तर वाट चुकली आहे हेही उमगत नाही. पुस्तकाचा हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

याची ओळख आपल्या परंपरेला नवी नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात संत अगस्तीन सांगतात की, सशामागे धावणारा कुत्रा किंवा माश्या टिपणारी पाल दिसली की त्यांचे चित्त चिंतनातून निसटते. फरक एवढाच की, त्या पालीला अगस्तीनच्या अवधानातून काही कमवायचे नव्हते. म्हणूनच केवळ इच्छाशक्तीचा उपदेश पुरेसा नाही, यंत्र घडविणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे, हा विल्यम्स यांचा आग्रह मला रास्त वाटतो. मुलांना दोष देऊन मोकळे होणाऱ्या पालकांनी आणि आम्हा प्रवचनकारांनी तो मनावर घ्यावा.

मात्र पुस्तकात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव पुराव्याची. हा ग्रंथ तत्त्वचिंतनाचा आहे. मोजमाप त्यात थोडे. ऑक्सफर्डच्याच एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी 2019 साली 3,55,358 किशोरवयीनांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिजिटल साधनांचा वापर आणि मुलांचे मानसिक स्वास्थ्य यांतील संबंध प्रतिकूल आढळला, पण फार लहान. स्वास्थ्यातील तफावतीपैकी जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग त्याने उलगडतो. मोबाइलमुळे पिढी नासली असे व्यासपीठावरून गर्जून सांगणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा. विल्यम्स यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही, कारण मूल किती दुःखी आहे हा त्यांचा प्रश्नच नाही. त्याचे जीवन कोणाच्या हेतूने चालले आहे, हा आहे. परंतु हा भेद त्यांनी स्वतः अधिक स्पष्ट करावयास हवा होता.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. विल्यम्स यांच्या लेखी विक्षेप म्हणजे माझ्या ध्येयापासून मला दूर नेणारी गोष्ट. पण ध्येय माझे आहे एवढ्याने ते चांगले ठरते काय? भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांचे अवधान कोणी चोरले नव्हते. जखमी माणूस त्यांना दिसला होता. आपल्या वाटेवरून ते ढळले नाहीत, हेच त्यांचे पाप. शोमरोन्याने मात्र आपला प्रवास मोडू दिला. विल्यम्स यांच्या मोजपट्टीवर एकाग्र ठरतात ते याजक आणि लेवी. आणि ज्याला प्रभूने आदर्श म्हणून पुढे केले, तो ठरतो विचलित! मी स्वतः याजक असल्याने हा दाखला मला पुस्तकापेक्षा अधिक बोचतो.

तेव्हा खरा प्रश्न हा की, कोणत्या हाकेला थांबावे आणि कोणत्या नाही. सायंकाळी आंजेलसची घंटा होते, तीही आपल्या कामात व्यत्यय आणते. पण ती सर्वांसाठी सारखीच वाजते, नेमल्या वेळी वाजते आणि गप्प होते. कोण गुडघ्यावर आला आणि कोण नाही याची नोंद ठेवून उद्या ती अधिक मोहक वाजत नाही. ती आपल्याला मोकळे सोडते. मोबाइलची घंटा मोकळे सोडत नाही. हाकेची पारख करण्याची ही एक साधी कसोटी होय. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकविलेले रोजचे आत्मपरीक्षण याच पारखीसाठी आहे: आज मन कुठे ओढले गेले आणि त्या ओढीने मला कोणाच्या जवळ नेले?

परमगुरू पोप फ्रान्सिस यांनीही ‘दिलेक्सित नोस’ या 2024 च्या परिपत्रकात अल्गोरिदमचा उल्लेख करून माणसाच्या हृदयाकडे आपले लक्ष वेधले. विल्यम्स उजेडाला स्वातंत्र्य म्हणतात. आपली श्रद्धा पुढचे पाऊल टाकते: उजेड मिळतो तो शेजाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून.

उणिवा धरूनही हे पुस्तक धर्मग्रामातील पालकांनी आणि तरुणांनी एकत्र बसून वाचावे, असे मी सुचवितो. इंटरनेटवर ते विनामूल्य उपलब्ध आहे. वाचताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि तेवढ्यात दारात कोणी गरजू आला, तर मात्र पुस्तक मिटून उठावे.