कखडीचे ओसाड शेत

पहिला बाजीराव मोठा की थोरला माधवराव, हा वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता तो संगणकावरील डावपेचांच्या खेळांत शिरला आहे. 'सिव्हिलायझेशन' ही मालिका १९९१ साली सुरू झाली. तिच्या सहाव्या भागात (२०१६) भारताचे नेतृत्व गांधीजींकडे होते. २०१८ च्या पुरवणीत चंद्रगुप्त मौर्य आला. खेळणारे या नेत्यांच्या श्रेणी लावतात : सर्वांत वर 'एस', मग 'ए', 'बी'. आमच्या गंगापूर रोडवर कॉलेजची मुले चहाच्या टपरीवर यावरून हमरीतुमरीवर येताना मी ऐकली आहेत.

हा पोरखेळ म्हणून उडवून लावावा, असे मला वाटत नाही. या यादीचा निकष निदान उघड असतो. चंद्रगुप्ताच्या अंगी 'अर्थशास्त्र' नावाचा गुण आहे : प्रदेशविस्ताराचे युद्ध पुकारले की सैन्याची चाल आणि बळ काही काळ वाढते. गांधीजींचा गुण 'सत्याग्रह' : स्वतःचा धर्म स्थापलेल्या आणि युद्धात नसलेल्या राष्ट्रांमागे श्रद्धेची मिळकत होते. दोघांत वरचा कोण, हे डाव कोणाकडून लवकर जिंकता येतो यावर ठरते. बाजीराव-माधवरावाच्या वादात आपण मोजमाप कोणते वापरतो, हे आपण कधी इतके स्पष्ट सांगतो का?

अडचण पुढे आहे. याच रस्त्यावरचे आनंदवल्ली हे रघुनाथरावाच्या वास्तव्याचे ठिकाण. १७५८ साली लाहोरपर्यंत धडकलेल्या राघोबाला खेळात भरघोस गुण मिळतील. पण १७७३ च्या नारायणरावाच्या खुनाचा ठपका कोणत्या रकान्यात मांडायचा? ज्याने डावाला मदत होत नाही, ते अशा पत्त्यावर येतच नाही.

असा पत्ता नाशिकला फार पूर्वी कोरला गेला आहे. त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुण तिने ओळीने सांगितले आहेत. असिक, अश्मक, मूलक, विदर्भ अशा देशांचा तो स्वामी. शक, यवन, पह्लवांचा संहारक. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले. शौर्यात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. ही सरळसरळ 'एस' श्रेणी आहे. मात्र यादीत आणखीही काही आहे : तो कर न्यायाने घेई, नगरजनांचे सुखदुःख आपले मानी, अपराधी शत्रूचीही हिंसा त्याला रुचत नसे. खेळाच्या मापात न बसणारे गुण या आईने मोजले. तरीही ही स्तुतीच आहे, आणि स्तुती म्हणूनच ती वाचली पाहिजे.

कारण त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा एक कोरडा आदेश आहे. तो गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे. गोवर्धन हे नाव आजही गंगापूरच्या पुढच्या गावाला आहे. आदेश असा : डोंगरावरच्या भिक्षूंना कखडी गावात आपण पूर्वी शेत दिले होते, ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजकीय जमिनीपैकी १०० निवर्तने त्यांना द्यावीत. कखडीतले शेत पूर्वी उषवदाताकडे, म्हणजे हरवलेल्या क्षहरातांचा राजा नहपान याच्या जावयाकडे होते. जिंकलेल्या मुलखातले दान कागदावर पक्के होते, जमिनीवर निष्फळ.

खेळात पडीक शेत म्हणजे घटलेले उत्पन्न. ते ज्यांना दिले त्यांना राजाने उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट तिथे नाही. इथे मात्र विजेत्याने आपले दान फसल्याचे मान्य केले, ते दुरुस्त केले आणि दगडावर कोरू दिले. राज्यकर्ता पारखायला तीन समुद्रांपेक्षा ही १०० निवर्तने मला जास्त उपयोगी वाटतात.

हा आदेश राजाच्या आणि राजमातेच्या नावाने निघाला आहे. त्यात तिची ओळख 'जिच्या पुत्र जिवंत आहे' अशी आहे. पुढे तो गेल्यावर तिनेच ती भव्य प्रशस्ती कोरवली, आणि तीत कखडी नाही. क्रमवारी लावताना आपण बहुतेक वेळा प्रशस्ती वाचतो. शेजारचा आदेशही वाचावा.